सूर्याच्या वाऱ्याचं गाऱ्हाणं

माझ्या भावाच्या मुलीने मे महिन्यात पुण्याहून एक कॅसेट आणली आणि घरातल्या सगळ्यांना ओटीवर बसवून ऐकवली. आत नुसती खरखर होती. गाणं नाही, बोलणं नाही. मी खानावळीचे बांगडे साफ करत होते, ते थांबवून ऐकलं, आणि पुन्हा साफ करायला लागले.

ही गोष्ट त्या कॅसेटची आहे, म्हणून आधी घर सांगते. माझा नवरा रेडी बंदरात खनिज भरणाऱ्या बार्जवर कामाला होता. तो लवकर गेला आणि मी माहेरी आले. भावाची बायको मुलगी लहान असताना गेली. मग भाऊ होडी बघू लागला, मी चूल आणि मुलगी बघू लागले. मुलगी मोठी झाली तेव्हा पर्यटक यायला लागले होते. मी ओटीवर चार बाकं टाकून खानावळ काढली. मी चौथीपर्यंत शिकले आहे. मुलगी शिकतच राहिली. ती कुठवर शिकणार हे आम्ही कुणी विचारलं नाही, कारण शिकायची एक हद्द असते असं आम्हाला वाटायचं आणि ती आपोआप येईल अशी खात्री होती.

तर कॅसेट. भावाने थोडा वेळ ऐकलं आणि उठून टेपचं बटण चाळवलं.

"स्टेशन लागाक नाय," तो म्हणाला.

"बाबा, ह्यो रेडिओ नाय. ही टेप आसा."

"मगे टेप दमट झाली."

आमच्याकडे जे बिघडतं ते खाऱ्या हवेने बिघडतं. टीव्हीचा अँटेना गंजला की पडद्यावर मुंग्या येतात, कुलपं धरतात, मीठ पाणी सोडतं. ह्याला उपाय एकच, ऊन. दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेली तेव्हा भावाने ती कॅसेट उचलून अंगणात नेली आणि सुकटीच्या चटईवर, सुकटीच्या शेजारी, नीट पालथी घातली. वर कावळ्यांसाठी जाळं होतंच. मी बघितलं, बोलले नाही. मलाही ते बरोबर वाटलं होतं.

मुलगी बाहेर आली तर तिच्या कॅसेटपाशी शेजारीण उभी, "ह्या कसला सुकत घातलंस गो?" म्हणून विचारत. मुलगी रागावली नाही. तिने कॅसेट झटकली, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा लावली. खरखर तशीच.

"आता जरा बरी येता," शेजारीण म्हणाली.

मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिने सांगितलं. ही खरखर बिघाडाची नाही, हीच तिला हवी आहे. माणसाने आकाशात फार लांब एक यान पाठवलंय, त्याच्या अँटेनाने ती टिपली आहे, आणि गेली काही वर्षं ती ह्या खरखरीवरच काम करते. आता परदेशातल्या एका संस्थेने तिला त्याच कामासाठी बोलावलंय. दोन-तीन वर्षांसाठी. पावसाळा संपायच्या आत जायचं, आणि हो की नाही ते ह्याच महिन्यात कळवायचं.

हसायचं थांबलं ते तिथे.

भावाचं म्हणणं सरळ होतं. तो मला चुलीपाशी येऊन म्हणाला, "बाय, माका कोणी विचारल्यान, चेडू काय करता, तर मी काय सांगू? खरखर आयकता? मी बांगडो विकतंय तर लोकांक बांगडो दिसता."

"तुका कोण विचारता?"

"सगळे विचारतत."

ते खरं होतं. आमच्या वाडीत दुसऱ्याच्या मुलीची चौकशी हा अर्धा धंदा आहे. पण भावाच्या पोटात दुसरंच होतं, ते मला माहीत होतं. बायको गेली, आता मुलगी समुद्रापलीकडे. जे समजत नाही त्याच्यासाठी तिला सोडायची त्याची तयारी नव्हती. समजलं असतं तरी जड गेलं असतं. न समजता तर शक्यच नव्हतं. मुलीला जायचंच होतं. बापाला दुखवून मात्र जायचं नव्हतं. ती तशी बोलली नाही, पण तिने बॅग उघडलीही नाही आणि भरलीही नाही, कोपऱ्यात तशीच ठेवली.

शेवटी भाऊ म्हणाला, देवीचा कौल घेऊ.

बाहेरच्या माणसांसाठी सांगते. आमच्याकडे मोठं काम असलं की देवळात जातात. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्याने भिजवून फुलांच्या पाकळ्या लावतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे मोठ्याने काम मांडतो, आणि जमलेली माणसं मधेमधे "व्हय महाराजा" म्हणतात. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणावी, होडी घ्यावी की नाही, लग्न जुळवावं का, सगळं असं विचारतात.

मला वाटलं मुलगी चिडेल. ती म्हणाली, "चलात."

"तुझो विश्वास आसा?" मी विचारलं.

"बाबांचो आसा. आणि बाबांनी व्हय म्हटल्याशिवाय मी जातलंय कशी?"

"आणि देव नाय म्हणालो तर?"

"देव नाय गो आत्ये, देवी. कदाचित ती बायमाणसाचा आयकात."

देवळात आम्ही तिघं गेलो. आमचा मानकरी म्हातारा आणि फार कडक. गाऱ्हाण्यात एक शब्द कमी-जास्त झालेला त्याला चालत नाही, कारण देवी विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते असं तो मानतो. गुरवाने पाकळ्या भिजवायला घेतल्या. मानकऱ्याने भावाला विचारलं, "काम काय?"

"चेडवाक परदेशात बोलावला."

"कित्याक?"

"कामाक."

"कसल्या कामाक?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी देवीकडे बघितलं.

"ती आकाशातलो आवाज आयकता," भाऊ म्हणाला.

"कोणाचो आवाज?"

"कोणाचो नाय."

मागे चार-पाच माणसं होती ती हसली. मानकरी हसला नाही.

"कोणाचो नाय असो आवाज आयकाक तू चेडू परदेशात धाडतस?"

"काहीतरी काम आसा ता," भाऊ म्हणाला.

"'काहीतरी' म्हणान देवीक सांगूक येणा नाय. ती काय उत्तर देतली? 'काहीतरी'?" त्याने गुरवाला हात केला. "पाकळ्यो ठेव. काम समजान घेऊन पुढच्या बुधवारी ये. आणि गाऱ्हाणा तूच घाल. चेडू तुझा आसा."

मुलगी पुढे होऊन सांगायला लागली होती, प्रमाण मराठीत, नीट, शाळेतल्यासारखं. मानकऱ्याने तिला थांबवलं. "तू नको. बापाशीन सांगूक व्हया."

असं आम्ही कौल न घेताच परत आलो. घरी आल्यावर भावाने ओटीवर बसकण मारली आणि मुलीला म्हणाला, "सांग. अगदी पयल्यापासून."

तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण कामाचा तसा काही नव्हता. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या होत्या. पर्यटक गेले होते. भाऊ जाळं विणत बसायचा, मुलगी समोर, मी आत चुलीपाशी, दार उघडं. तिने पहिल्या दिवशी जे सांगितलं त्यात आम्हाला काही कळलं नाही. इलेक्ट्रॉन, प्लाझ्मा. भाऊ मान हलवत राहिला. मी आतून म्हटलं, "तू मान हलवतस, पण तुका कळूक नाय."

"तुका कळला?"

"नाय. म्हणान मी मान हलवूक नाय."

त्यानंतर मीच विचारायला लागले. मला लाज वाटत नाही, चौथी शिकलेल्या बाईकडून कुणी जास्त अपेक्षा करत नाही, त्याचा हा फायदा.

"आकाशात वर हवा आसा?"

"नाय. पण अगदीच रिकामा पण नाय. सूर्यापासून एक वारो सुटता. खूप पातळ आणि खूप गरम."

"कसलो वारो, हवा नाय तर?"

"विजेच्या कणांचो. डोळ्याक दिसणत नाय इतके बारीक. सारखे धावतत."

"आणि यानाक तो कसो कळता?"

"यानाक दोन बाजूंक लांब दांडे आसत, अँटेना. ते कण दांड्याभोवती धावतत, तेची खरखर दांड्याक लागता."

"दांड्यार आपटतत?"

"काही आपटतत. बाकीचे नुसते बाजूसून जातत. विजेचे आसत म्हणान बाजूसून गेले तरी दांड्याक कळता."

भाऊ जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "कुणकेश्वराच्या जत्रेक आमी धर्मशाळेत उतरलो होतो, दार लावून. भायर माणसा जात होती. कोण जाता ता कळा नाय."

मुलीने मान वर केली. "मगे काय कळा?"

"गर्दी किती आसा ता कळा. आणि माणसा सावकाश जातत की घाईत."

"बाबा," ती म्हणाली, "ताच. कोण गेलो ता आमका पण कळणा नाय. कण किती दाट आसत आणि किती घाईत धावतत, ता कळता. घाईत म्हणजेच गरम."

मी उठून दारात आले. भाऊ जाळं सोडून तिच्याकडे बघत होता. पण तो हटवादी आहे, लगेच मान्य करत नाही.

"खरखरीत ता कसा कळता? माका तर सगळी सारखीच लागली."

तिने कॅसेट पुन्हा लावली. ह्यावेळी सुकटीचा वास घरभर. खरखर सगळ्या जाड-बारीक आवाजांची मिसळ असते, तिने सांगितलं, पण एका ठिकाणी आवाज चढतो. ती जागा बारीक आवाजाकडे सरकली तर वारा दाट, जाड आवाजाकडे आली तर पातळ. आणि ती चढण कशी आहे, बाकीची खरखर किती जोराची आहे, त्यावरून गरमपणा कळतो. आमच्या कानांना ते कळायचं नाही, कॅसेटवर तर मुळीच नाही, त्यासाठी गणित करावं लागतं. आधी लोक ह्या खरखरीला कटकट समजायचे, यानाच्या बाकीच्या कामात व्यत्यय म्हणून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही तर मोजपट्टी आहे.

"यान स्वतः गरम नाय होणा? तेची खरखर नाय लागणा?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली. "म्हणान दांडे लांब आसत, आत्ये. यानापासून लांबचा आयकतत."

"आणि ह्या कळान काय करतलात?"

"सूर्याचो वारो जोरात इलो की वरचे उपग्रह बिघडतत, तेची आधी खबर मिळात." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि नुसता कळाक व्हया म्हणान पण."

मला तिचं दुसरं उत्तर जास्त पटलं. ते तिने खोटं न बोलता दिलं.

त्या दिवशी भातासाठी आधण ठेवलं होतं. पातेलं गुणगुणायला लागलं तशी मी तांदूळ धुवायला घेतले. मुलगी आत आली आणि पातेल्याकडे बोट करून बापाला ओरडून म्हणाली, "बाबा, आत्येन झाकण काढूक नाय. तरी तिका कळला पाणी उकळाक इला ता."

"तुझ्या आत्येक सगळाच कळता," भाऊ बाहेरून म्हणाला. पण तो आधणाचा दाखला त्याने उचलला. गाऱ्हाण्यात गेला तो.

बुधवारपर्यंत भावाने गाऱ्हाणं पाठ केलं. होडीला डांबर लावताना म्हणायचा, विहिरीवर म्हणायचा. होडीवरचे गडी चिडवायचे, तो एक ओळ बोलला की ते लांबून "व्हय महाराजा" ओरडायचे. "आमच्या बांगड्यांचो पण आवाज आयकून सांग रे, किती दाट आसत," असं एकजण म्हणाला. भाऊ म्हणाला, "तुका खरखर आयकाक मेळात, कानफटात दिली तर." पण तो रागावला नव्हता. आता त्याला कामाचं नाव सांगता येत होतं.

बुधवारी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी फिरली होती. गुरवाने पाकळ्या लावल्या. भाऊ हात जोडून उभा राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याचा आवाज असा ऐकला नव्हता.

"गे माये, ह्या गावाची तू राखणदारीण."

"व्हय महाराजा."

"माझ्या चेडवाक परदेशात कामाचा बोलावणा इला."

"व्हय महाराजा."

"काम ता असा. सूर्यापासून एक वारो सुटता. तेच्यात विजेचे कण आसत, ते डोळ्याक दिसणत नाय, सारखे धावतत."

इथे माणसं जरा अडखळली, मग म्हणाली, "व्हय महाराजा."

"थंय माणसान एक यान धाडल्यान. तेच्या दांड्याक त्या कणांची खरखर लागता. ती खरखर बिघाड नाय, माये. दार लावून बसलेल्याक भायरची गर्दी कळता, चुलीर आधण गुणगुणला की झाकण न काढता कळता, तसा त्या खरखरीवरसून माझ्या चेडवाक कळता तो वारो कितको दाट आणि कितको गरम."

"व्हय महाराजा."

"त्या कामाक तिका धाडू काय, ता सांग. धाडूचा असात तर उजवी दी."

मानकरी डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने मान डोलावली, म्हणजे गाऱ्हाणं बरोबर झालं. मग आम्ही वाट बघत राहिलो. देवळात समईच्या वातीशिवाय काही हलत नव्हतं. मुलगी माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. आमच्यात तसं नाही.

डावी पडली.

भावाची मान खाली गेली. मुलीने एकदा श्वास सोडला. तेवढंच.

मी म्हटलं, "उलटा विचार."

बायका देवळात मधे बोलत नाहीत. पण माझं वय झालं होतं आणि मला कुणी गप्प करत नाही. मानकऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उलटा विचारूक येता. रीत आसा."

गुरवाने पुन्हा पाकळ्या भिजवून लावल्या. भावाने विचारलं, "तिका हयच ठेवू काय, माये? ठेवूची असात तर उजवी दी."

पुन्हा वाट. ह्यावेळी जास्त वेळ गेला. मागे एकजण बसला, मग सगळे बसले.

पुन्हा डावीच पडली.

पाठवू का, नाही. ठेवू का, नाही. मानकऱ्याने आयुष्यभर गाऱ्हाणी घातली होती, तोही वाकून पाकळ्या बघून आला. मग म्हणाला, "आज तिसऱ्यांदा विचारूक येणा नाय. देवीन तुझ्यार सोडल्यान."

भावाने मुलीकडे बघितलं. "आता? तुमच्या कामात असा झाला तर काय करतत?"

"एका वेळच्या खरखरीवर आमी काय ठरवणव नाय, बाबा. परत परत आयकतो. हजार वेळा. सगळ्यांची सरासरी काढली की खरा काय ता वर येता."

"देवीक हजार वेळा विचारूक येणा नाय."

"नाय," ती म्हणाली. "म्हणान तुमी ठरवात. मी आयकतलंय."

हे तिने मनापासून म्हटलं होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर ती राहिली असती आणि आम्हाला कधी बोलून दाखवलं नसतं. मला ते जास्त भीतीचं वाटलं, तिने ओरडून भांडण्यापेक्षा.

भाऊ खाली बसला, खांबाला टेकून. सगळे बघत होते. बराच वेळ तो पडलेल्या पाकळ्यांकडे बघत होता. मग तो मानकऱ्याला म्हणाला, पण ऐकवत होता सगळ्यांना.

"देवीक मी दोनदाच विचारलंय. पण ह्या चेडवाक ती जन्मल्यापासून मी आयकतंय. रोज. शाळेत जाताना, येताना. हिची आवस गेली तेव्हा. पयली पुण्याक गेली तेव्हा. हजारावर झाला असात."

"मगे?" मानकरी म्हणाला.

"मगे काय. ती जाता म्हणताना तिचो आवाज एकदा पण हललो नाय. जाऊं दे."

"व्हय महाराजा," मागून कुणीतरी म्हणालं. बहुतेक होडीवरचा गडी. सगळे हसले, ह्यावेळी मानकरीही. मुलगी बापाजवळ जाऊन बसली. मी गुरवाला नारळ द्यायचा राहिला होता तो दिला.

ती गणपतीच्या आधी गेली. जाताना तिला सुकट बांधून दिली, ती तिथल्या लोकांनी विमानतळावर काढून घेतली असं तिने फोनवर सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं. चांगली सुकट होती.

भावाला आता मासळीच्या लिलावाच्या वेळी, बंदरावर, सलूनमध्ये, कुठेही कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर तो सांगतो. पूर्ण सांगतो, पहिल्यापासून, आधणासकट. लोक पळायला लागलेत. फक्त मानकरी पळत नाही. तो बाजारात भेटला की काठी टेकून उभा राहतो आणि विचारतो, "काय रे, सूर्याचो वारो आज कसो आसा?"

भाऊ आदल्या रविवारी मुलीशी फोनवर बोललेला असतो, म्हणून त्याला माहीत असतं.

"पातळ आसा," तो सांगतो. "पण गरम."

"बरो," मानकरी म्हणतो, आणि बांगड्याचा भाव विचारतो.